एक नंबर, दोन माणसं

चांदूर रेल्वेच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"आई, मोझरीच्या भाजीपाला पिकवाच्या ट्रेनिंगची यादी म्याच केली. ग्रुपवर नाव-नंबराचे तीनशे मेसेज होते. कोनी नंबर जोडून लिवला, कोनी मधात जागा सोडली. म्या कॉम्प्युटरसाठी स्क्रिप्ट लिवली, मधातली जागा काढून टाक अन् दहा आकडे दिसले का उचल. एका मिनिटात यादी तयार!"

"मंग माहं नाव काहून नाई त्याच्यात?"

"थांब, पायू दे. बाबाचं हाये. खुशालराव."

"अन् जयवंताबाईचं?"

"नाई. तिच्या नवऱ्याचं, किसनकाकाचं हाये."

"चंदाचं?"

"तेही नाई."

"साऱ्या बायाच कशा गेल्या वं, अपेक्षा?"

"तुमचे नंबर नवऱ्याचेच हायेत न. एकच नंबर दोनदा आला तं दुसरी ओळ उडवून टाक, असं स्क्रिप्टले सांगितलं होतं."

"कोनं सांगितलं?"

"म्या."

"आपल्या वावरातले वांगे कोन तोडते, थे माहीत हाये न तुले?"

"हाये, आई."

लॅपटॉपची बटणं वाजली.

"एकच ओळ बदलली. आता नाव अन् नंबर दोन्ही सारखे असन, तरच उडवते. हे पाय, तुमी तिघीही आल्या."

"अक्षर मोठं कर. हं. कौशल्या खुशालराव."

"पन ट्रेनिंगचा मेसेज बाबाच्याच फोनवर येईन."

"येऊ दे. वाचू दे त्याले माहं नाव."