आधी कड, मग कोपरा

सारीपाटात हरलो की आम्ही बहिणी सोंगट्या उधळून उठायचो. काल राजारामपुरीच्या बसथांब्यावर शेजारी दोन मुली ‘गो’चा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी जागा घेरायच्या खेळाचा, संपलेला डाव पटाशिवाय नुसत्या आठवणीनं पुन्हा खेळत होत्या.

“क्रांते, अर्ध्या गुणानं गेलीस. कुठं, सांगू?”

“कोपऱ्यात?”

“व्हय. तुला कोपऱ्याची घाई कशाला? आधी कडेला सोंगटी टाकायचीस की. मला उत्तर द्यावंच लागलं असतं. मग कोपराबी तुझाच.”

“म्हंजे मी जिंकले असते?”

“असतीसच की.”

माझी बस आली आणि गेली.

“अनुजा, उद्या शेवटचा डाव आपल्या दोघींतच हाय. जिंकंल तीच पुण्याला जाणार. आणि तू मलाच शिकवाय लागलीस?”

“तू चुकलीस म्हणून मी जाऊ व्हय? चल, मांड परत पयल्यापासनं.”