स्टिंग, भाला आणि गुंडू वस्ताद

...आणि वर म्हणती कशी, "मामा, नुसतं दुखतंय म्हणून भागत न्हाय, कसं दुखतंय ते सांगायला पायजे!" आता तुम्हाला सांगतो मंडळी, कमरंपास्नं टाचंपतोर पंधरा दिवस कळ मारतीया, मांडी घालून जेवता येईना, आणि आमची सूनबाई राजनंदिनी मोबाईल उघडून मला इंग्रजी शिकवतीया! का? तर नवा डॉक्टर परमुलखातला, त्याला मराठी येत न्हाय. "मामा, स्टिंग म्हणायचं."

म्हटलं, म्हंजे काय गं? लागली वाचायला... मधमाशी डसती ते स्टिंग, औषध चुरचुरतंय ते स्टिंग, कुणाचं बोलणं मनाला लागतंय ते बी स्टिंग, आणि लई जुना अर्थ, शस्त्र खुपसणं! मधमाशीपास्नं भाल्यापतोर एकच शब्द? आमच्यात ठणका वायला, चमक वायली, भगभग वायली, दर दुखण्याला येगळा शब्द... पण जाऊ दे, केला पाठ. इंजेक्शन मिळाल्याशी मतलब. तरी पण तालमीतल्या माणसानं दुखतंय म्हणायचं कसं वो?

आणि नेमकं चुकलं काय, तर सोबतीला गुंडू वस्तादाला नेला, वर वाटंत सूनबाईच्या शब्दाचं बी हसत हसत सांगितलं! मंगळवार पेठेतल्या एकाच तालमीत चाळीस वर्षं आम्ही माती खाल्ली. एकदा माझा खांदा निखळलेला, तवा हाच छातीवर बसून म्हणालता, "हंबीर, तोंडातनं आवाज काढशील तर बघ!" आता तो मागं उभा, मिशीवर हात...

डॉक्टर म्हणतंय, "बाबाजी, पेन कैसा है?" स्टिंग अगदी जिभेवर आलं की! मागनं वस्ताद खाकरला. म्हटलं, "कुछ नही... थोडा." "एक से दस में कितना?" म्हटलं, "एक." वस्ताद म्हणाला, "शाब्बास!" आणि डॉक्टरनं काय दिलं? मलमाची ट्यूब! इंजेक्शन ऱ्हायलं तिथंच. तालमीतल्या माणसानं सांगायचं कसं, सांगा की!

लंगडत भाईर आलो. राजनंदिनीला काय तोंड दाखवू? तेवढ्यात वस्तादानं इकडंतिकडं बघितलं, मला कोपऱ्यात घेतलं, आणि हळूच म्हणतोय, "हंबीर... मला बी म्हैनाभर हितंच मारतंय गा. सूनबाईनं शिकवल्याला शब्द कुठला?"

म्हैनाभर! आणि मला शाब्बास म्हणतंय!

आता उद्या परत जाणार हाय. तो दहाला, मी अकराला; पण माझं ऐकल्याबिगार तो काय घरी जायचा न्हाय. आत गेल्यावर पयलं डॉक्टरला म्हणणार, दार लावून घ्या... भाईर वस्ताद बसलाय.