राजाची अडीच घरं

साल बहात्तर की त्र्याहत्तर, नक्की सांगता येत नाही. हल्ली माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही. बेलापुरात आम्ही पाच-सहा जण रोज संध्याकाळी देशी बुद्धिबळ खेळायचो. त्यात राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं जाता यायची. आम्हा तरुणांना स्पर्धांतले नवे नियम हवे होते. पण आमची रीत अशी की, एकानं जरी नाही म्हटलं तरी बदल होत नसे. आणि कापडवाले दिलावरचाचा दर वेळी नाही म्हणायचे.

"राजाची येकुलती उडी काढून घेता व्हय रे? मंग त्यो राजा कशाचा?"

एके दिवशी मी पुन्हा विचारलं. चाचा म्हणाले, "करा बाबांनो. माजी हरकत न्हाई."

"चाचा, शेवटी हरलात!" कुणीतरी ओरडलं.

चाचा हसले आणि चहा न घेताच उठले. पुन्हा कधी खेळायला आले नाहीत. रुसले, असं आम्ही धरून चाललो.

बऱ्याच वर्षांनी त्यांचा मुलगा नगरला भेटला, तेव्हा भीतभीतच विचारलं. तो म्हणाला, "रुसले न्हवते. नजर गेल्ती त्यांची, पट दिसंना. म्हनले, आता आपन खेळनार न्हाई, मग पोरांना कशाला अडवायचं?"