ओढ्यातली घोंगडी

ऐका. आधी ती कडेची लाकडं आत सारा, शेकोटी विझू देऊ नका. आन् रखमे, हसायचं असंल तर घरी जाऊन हस.

आपल्याच आळीतला गेनू ढोबळे. त्याची बायको पारू ऐन पौषात बाळंत झाली आन् तापानं फणफणली. अंगावर दुधाचा थेंब नाही. गावातली गुरंही त्या साली आटलेली. सहा दिवसांचं लेकरू, गुळाच्या पाण्याच्या बोळ्यावर किती दिवस काढणार? रडायचंसुद्धा थांबलं होतं ते! गेनूची बहीण शेवंता त्याला छातीशी धरून बसलेली. म्हणाली, "दादा, आज दूध आलं न्हाई, तर उद्या आणू नगंस."

गेनू बोरीच्या बाजाराला गेला. दिवसभर वणवण केली. दिवस कलताना एक म्हातारी भेटली. तिच्या शेळीचं करडू थंडीनं मेलेलं, कास मात्र दुधानं तटतटलेली. गेनूनं पारूचे तोडे दिले, वर अंगावरची घोंगडी उतरवून दिली. नुसत्या सदऱ्यावर निघाला. बाहेर ही थंडी!

सडकेनं दोन तास लागतात. बाभळीच्या ओढ्यातनं गेलं की निम्मी वाट. दिवस बुडाल्यावर तिकडनं कुणी जात नाही, हे गेनूला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण घरी ते लेकरू! तुम्ही काय केलं असतं? उतरला तो ओढ्यात.

उतरला आन् शेळी अडली. ओढतोय, ढकलतोय, हालेना. खाली बघतो तर दूध आपोआप गळतंय. टप्. टप्. "अगं, सांडू नगं गं बाई!" गेनू रडकुंडीला आला. तिला खांद्यावर घेतली आन् चालू लागला.

चाललाय, चाललाय, आन् पुढं उजेड. बाजार! अहो, बाजार तर मागं बोरीला राहिला, कधीच उठला! इथं कंदील लागलेले, गाजरांचे ढीग, माणसं डोकी गुंडाळून बसलेली. गेनूला वाटलं, वाट चुकून फिरून बोरीलाच आलो. विचारायला तोंड उघडलं आन् थबकला. त्याच्या तोंडातनं वाफ निघतेय. शेळीच्याही निघतेय. आन् त्या माणसांच्या? एकाच्याही तोंडातनं वाफ नाही!

पळाला. ठेचा खात पळाला. तर मागनं हाक आली. शेवंताचा आवाज, हुबेहूब.

"दादा, पळू नगं रं. लेकरू गेलं आपलं. आता शेळी कुणासाठी नेतोस?"

गेनू मटकन खाली बसला. शेळी खांद्यावरनं उतरली. आता उठायचं तरी कशाला?

समोर एक गडी उभा, मुंडासं तोंडावर ओढलेलं. हातात घोंगडी. गेनूचीच घोंगडी, कडेला पारूनं घातलेला लाल टाका!

"गारठलास गड्या. घाल हात हिच्याखाली. शेळीचा सौदा करू."

आता आपल्याकडचा सौदा तुम्ही बघितलाय. कापडाखाली हात घालायचा, बोटं धरून भाव ठरवायचा, तोंडानं बोलायचं नाही. गेनूचा जन्म त्यात गेलेला. वर गारठलेला, खचलेला. घातला हात!

आत हात लागला. गार, विहिरीतल्या दगडासारखा गार. आन् मनगटात बांगड्या! गड्याच्या हातात बांगड्या! गेनू हात ओढतोय, सुटेना.

"दिली म्हण," आवाज आता बाईचा. "दिली म्हण, सोडते."

तेवढ्यात त्याच्या करंगळीला आणखी काहीतरी लागलं. एवढीशी मूठ. तान्ह्या लेकराची. तिनं करंगळी घट्ट धरली.

तेव्हा गेनूला उमगलं. मागल्या पौषात एक परगावची बाई बाजारावरनं येताना ह्याच ओढ्यात बाळंतपणाला अडली होती. वरनं बाजारकरी चाललेले. तिनं हाका मारल्या, लई हाका मारल्या. लोकांना वाटलं, ओढ्यात भूत ओरडतंय. धूम पळाले सगळे! सकाळी मायलेकरं दोघंही गार सापडली. आन् त्या पळणाऱ्यांत गेनू होता.

तो ढसाढसा रडायला लागला. "आक्का, चुकलो गं मी. शेळी न्हाई देत, माझं बी तान्हं हाय. ते जितं असंल न्हाईतर नसंल. पण निम्मं दूध तुझं."

उजवा हात अडकलेला. डाव्या हातानं त्यानं शेळीचा एक सड धरला आन् खडकातल्या खळग्यात धार सोडली. पिळतोय, रडतोय, पिळतोय. सड रिकामा झाला. अंधारात आवाज आला, चुटुचुटु, चुटुचुटु. करंगळीवरची मूठ हळूहळू सैल पडली, मग तो गार हातही सुटला.

गेनूनं शेळी उचलली आन् मागं न बघता जी धूम ठोकली, ती थेट दारात! शेवंता तशीच बसलेली. लेकराचे ओठ निळे पडलेले, पण धुगधुगी होती. चमच्यानं दूध घातलं. एक चमचा बाहेर आला. दुसरा आला. तिसरा गिळला पोरानं. शेवंतानं तिथंच आनंदानं हंबरडा फोडला.

वाचलं ते. पण शेळीचा तो एक सड कायमचा आटला. मी स्वतः पिळून बघितलाय. दुसऱ्या सडावर पोर वाढलं.

म्हणून सांगतो, जीव गेला तरी दिवस बुडाल्यावर बाभळीच्या ओढ्यातनं जाऊ नका. काळोखात कुणी घोंगडी पुढं केली तर हात खिशात ठेवा. पण वाटेत कुणी हाक मारली, तर पळायच्या आधी एकदा नीट ऐका रे, माणसाची आहे का ते.

मला काय विचारता, एवढं कसं ठाऊक? ती बाई हाका मारत होती, त्या दिवशी बाजारावरनं पळताना मी गेनूच्या पुढं होतो.