खाटेची जागा

खामगावच्या दवाखान्यात माझ्यामागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"सत्यभामाबाई, परवा धरती हालली तवा कुठं होत्या तुमी?"

"खाटेवर. घरचे सारे बाहीर पयाले. मले या गुडघ्यानं उठता आलं नाही."

"मंग?"

"थांबलं आपोआप. नात पुस्तकात पाहून सांगे, जमिनीखाली मोठमोठ्या प्लेटा हायेत. त्या एकमेकीले रेटतेत, म्हनून पहाड वर येतेत, म्हनून धरती हालते."

"आता थांबल्या ना त्या?"

"थांबतच नाहीत म्हने. आपन इथं बसलो, तरी सरकूनच राह्यल्या."

"मंग खाट दाराजवळ घ्या ना."

"म्हनलं ना म्या सुनेले. घराले दार एकच हाय."

"काय म्हने?"

"म्हने, आत्याबाई, मंग आमी कुठून पयावं?"