आमच्या चोरायले सुधरवू नोका

हॅलो?… हॅलो… हो जी, मोहाडीची राइस मिलच. मी शकुनबाई बोलून राहिली, धनीरामची बायको… हो, 'चोरायची पंचायत' लिवनारा धनीराम. तो गेला, आता त्याची दंडार, नाटकाची मंडळी, मीच चालवतो. मुंबईहून का? बोला ना.

…सिनेमा काढता? काढा की… हो… हो… शेवटी पोलीस येते? अन् सगळ्या चोरायले धरून नेते?… मंग लोकायनं हसाचं कायले जी?

आयका ना माहं. नाटकात चोरच पंचायत भरवते अन् गावच्या मोठ्या मानसायचा न्याय करते. पोलीसपाटील त्यात आरोपी आहे. त्यालेच तुमी हिरो केलं?… सेन्सॉर? त्याले मंडईले धाडा, पयल्या रांगेत बसवतो… अजी, भाजीची मंडई नाही, दिवाळीनंतरची आमची जत्रा.

…चोराची बायको? भैयालालच करते, मिशा काढून… हिरोइन पाहिजे त घ्या बापा, त्यावर माहं भांडन नाही.

…काय? पुन्हा म्हना… सिनेमा निंगाला का दंडार बंद कराची? कायमची?… काहून? लोकं मंडईत फुकट पायतीन अन् टॉकीजात येनार नाही, म्हनून?

मंग नाही देत. …नाही म्हनजे नाही जी. धनीराम आता मले मंडईतच भेटते, त्याच्या बोलात. अख्खं साल त्यासाठी काढतो मी. तेही घेता?

…न विचारता काढतान? काढा. तुमचा सिनेमा एकदा बनला का बनला. आमच्या पंचायतीत दर मंडईले एक नवा चोर उभा राह्यते, त्या सालचा. मांगं राशनचं मातीतेल विकनारा होता, पोट धरून हसले लोकं. यंदाचा काही केल्या सापडत नव्हता.

…हो, तुमालेच म्हनून राहिली… रागवू नोका. बोला, बोला, पन जरा सावकाश. भैयालाल बाजूलेच उभा आहे, कान लावून… काय म्हनलं?… हॅलो?… हॅलो?

ठेवला त्यानं. भैयालाल, 'बाई, तुम्हाला कलेतलं काय कळतं' म्हनला तो. यंदाच्या चोराचं पयलं वाक्य हेच घे.