चार सेकंदांचा निकाल

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या जालना मोटार क्लबाचे स्थापनेपासूनचे प्रमुख श्रीमंत शरदचंद्ररावसाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले तहसीलदारसाहेब, कापसाच्या ऐन हंगामात वेळ काढून आलेले जिनिंगचे मालक गिरिधरशेठ, उजव्या हाताला चिकाच्या पडद्याआड बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती रहिमुन्निसा बेगमसाहेबा, त्यांच्याजवळ बसलेल्या, त्यांचे निरोप बाहेर आणणाऱ्या अकबरबी, आणि मंठा, अंबड, परभणीपासून धूळ खात आलेल्या सभ्य स्त्रीपुरुषहो,

क्लबाचा चिटणीस या नात्याने मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. सरकारकडे सभेच्या परवानगीचा अर्ज मीच लिहिला. 'या सभेत फक्त मोटारी आणि घड्याळ यांविषयी बोललं जाईल' असं मी त्यात लिहून दिलं आहे. वकील असूनही ती अट मी पाळणार आहे. घड्याळाविषयी बोलताना मध्ये काही माणसं आली, तर त्याला माझा इलाज नाही.

आज इथे बाहेर एकवीस मोटारी उभ्या आहेत. क्लब निघाला तेव्हा तीन होत्या. एक अध्यक्षमहाराजांची, एक गिरिधरशेठची आणि एक माझी, जी चढावर मला खाली उतरायला लावते. पहिल्या वर्षी आम्ही जालन्याहून अंबडला जाऊन परत यायची शर्यत लावली. तीन गाड्या आणि तीन घड्याळं. ज्याने त्याने आपली वेळ आपल्या घड्याळावर पाहिली, आणि तिघेही पहिले आले. तिघांनाही हार घातले. इतकी गोड शर्यत मी पुन्हा पाहिली नाही.

दुसऱ्या वर्षी पाच गाड्या झाल्या. मग आम्ही गट पाडले. लाल गाड्यांचा गट, काळ्या गाड्यांचा गट, वतनदारांचा गट. वकिलांच्या गटात मी एकटाच होतो, तरी माझी धाकधूक काही कमी नव्हती. आपण हसता, पण हौशी लोकांचा क्लब वाढवायचा म्हणजे प्रत्येकाला जिंकवावं लागतं, अशी आमची तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

तिसऱ्या वर्षी ती समजूत फुटली. रस्ता अरुंद म्हणून गाड्या दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडायच्या, हे बरोबर होतं. पण मग कोण आधी पोहोचला यावरून काही कळेना. कोण किती वेळात आला, ते पाहायला हवं. शर्यत सुटायची आणि संपायची जागा एकच, अंबड नाक्यापलीकडची. तिथे आम्ही सात सुशिक्षित माणसं तासभर हातातली घड्याळं एकमेकांच्या नाकासमोर नाचवत होतो. एवढ्यात समोरच्या बेगमसाहेबांच्या घरातून अकबरबी बाहेर आल्या आणि माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. सातही गाड्यांची जाण्याची आणि येण्याची वेळ, सेकंदासकट, सुरेख उर्दूत लिहिलेली.

"बेगमसाहेबांनी सांगितलंय," अकबरबी म्हणाल्या, "भांडण जल्दी उरका. आत पोरींचा सबक चालू हाये."

आम्ही चिठ्ठी वाचली. प्रत्येकाला स्वतःची वेळ चूक वाटली आणि बाकी सहांची बिलकुल बरोबर वाटली. म्हणजे चिठ्ठी खरी होती.

घरी मुलींना शिकवणाऱ्या या बेगमसाहेबांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. ते गेले, त्यांचं घड्याळ मागे राहिलं. रोज सकाळी मनमाडची गाडी शिटी देई तेव्हा बेगमसाहेबा ते घड्याळ लावत नसत. गाडी किती उशिरा आली ते पाहत. अशा बाईंना आम्ही वेळनोंदीचं काम दिलं. खिडकीला चिक, चिकामागे त्या, आणि बाहेर अकबरबी. या व्यवस्थेचा एक मोठा फायदा आम्हाला नंतर कळला. पडद्यातल्या बाईंशी वशिल्याचं बोलता येत नाही. खांद्यावर हात ठेवून 'जरा बघा ना' म्हणता येत नाही. मधे अकबरबी, आणि अकबरबींना सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

खरी वेळ मिळते ही बातमी पसरली, तशा गाड्या वाढल्या. बाजाराच्या दिवशी शर्यत ठेवू नका, बैल बुजतात, हेही त्यांनीच चिठ्ठीतून कळवलं. आम्हाला बैल आडवे आल्यावर कळलं असतं. चौथ्या वर्षी अकरा गाड्या आल्या. आणि त्याच वर्षी, सभ्य गृहस्थहो, घोटाळा झाला.

शर्यतीच्या सकाळी गिरिधरशेठचं पोट बिघडलं. शेठनी ड्रायव्हरला सांगितलं, तू घेऊन जा. ड्रायव्हरचं नाव रहमतुल्ला. तो गेला, परत आला, आणि आपल्या अध्यक्षमहाराजांपेक्षा चार सेकंद कमी वेळात आला.

पुढे काय झालं ते मी कमीत कमी शब्दांत सांगतो, कारण त्यात माझा भाग मोठा आहे. चिठ्ठी माझ्या हातात होती. अध्यक्षमहाराज म्हणाले, "नरहरराव, घड्याळ पुन्हा एकदा पाहायला सांगा." मी अकबरबींना सांगितलं. त्या आत गेल्या, बाहेर आल्या.

"घडी पाहिली म्हन्त्यात. घडी बराबर हाये. आता सायबांनी गाडी पाहावी."

तो निकाल मी वाचला नाही. 'काही तांत्रिक कारणाने निकाल राखून ठेवला आहे' असं मी जाहीर केलं. तांत्रिक कारण माझ्याशेजारी उभं राहून मिशीला पीळ देत होतं. इकडे गिरिधरशेठ अंथरुणातून उठून आले आणि आपली गाडी पहिली आल्याबद्दल त्यांनी अध्यक्षमहाराजांची हात जोडून माफी मागितली. जिंकल्याबद्दल माफी मागणारा मालक मी तोवर पाहिला नव्हता. शेठ, रागावू नका. त्या दिवशी तुमच्याइतकाच मीही वाकलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून रहमतुल्ला जिनिंगच्या फाटकावर. कापसाच्या गाड्या आत घ्यायच्या, सरकीच्या गाड्या बाहेर सोडायच्या. मी तिकडून जात असताना त्याने सलाम केला. मी म्हटलं, "अरे, जरा हळू यायचं होतंस."

तो म्हणाला, "आलो असतो न साहेब. पन पुढची गाडी दोन मिनटं पुढं. कोनाच्या मागं राह्यचं ते दिसतच नव्हतं."

मी मान हलवली आणि निघून आलो.

क्लबाने मग ठराव केला: वेळनोंदीसारखं जोखमीचं काम जबाबदार गृहस्थाकडे असावं. जबाबदार गृहस्थ म्हणून अध्यक्षमहाराजांचे मेहुणे भुजंगराव निवडले गेले. ठरावाचं पत्र बेगमसाहेबांकडे मीच नेलं. त्यांनी पोच दिली. पोच म्हणून पत्राच्या पाठीवर एवढंच लिहिलं होतं: नऊ वाजून सतरा मिनिटं, चाळीस सेकंद.

पुढच्या वर्षी गाड्या किती आल्या? चार. चारही अध्यक्षमहाराजांच्या नात्यातल्या. मंठ्याच्या एका सभासदाने कळवलं, 'वेळ घरचीच लावायची असेल तर मी गाडीही घरीच फिरवतो.' भुजंगरावांनी त्या दिवशी एका गाडीची जी वेळ नोंदवली, त्यावरून ती अंबडला न जाताच परत आली असावी. ती गाडी पहिली आली.

तेव्हा क्लबाला बेगमसाहेबांची आठवण झाली, आणि जायला मी होतोच. त्या दिवशी मी चिकाबाहेर उभा राहिलो आणि पहिल्यांदाच अकबरबींच्या ऐवजी आतून आवाज आला.

"रहमतुल्ला फाटकावर का?"

मी म्हटलं, "तो पुन्हा गाडीवर येईल. शेठशी मी बोलतो."

"आणि त्या दिवशीचा निकाल?"

"योग्य वेळी वाचतो, बेगमसाहेबा."

मग त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, शब्द देऊन राह्यले का तारीख?"

मी म्हणालो, शब्द. रहमतुल्ला गाडीवर आला, शेठनी ऐकलं, त्याबद्दल त्यांचे आभार. बेगमसाहेबा खिडकीत आल्या, आणि एकवीस गाड्या आल्या. निकालाची मात्र मी दोन वर्षं तारीखच घेत राहिलो. एकदा अध्यक्षमहाराजांची प्रकृती ठीक नव्हती, एकदा त्यांच्याकडे लग्न होतं. बेगमसाहेबांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आता त्या परभणीला भावाकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत. सत्काराला या म्हणून विनंती करायला गेलो, तर अकबरबी म्हणाल्या, "शाल नको म्हन्त्यात. निकाल वाचनार असले तर येतो, न्हाई तर गाठोडी बांधायची हायेत."

तेव्हा, अध्यक्षमहाराजांची क्षमा मागून, वाचतो. 'अंबड शर्यत, चौथं वर्ष. पहिला, रहमतुल्ला: एक तास, चार मिनिटं, अकरा सेकंद. दुसरे, शरदचंद्रराव: एक तास, चार मिनिटं, पंधरा सेकंद.' माझं नाव अकरावं आहे. वेळ सांगत नाही, कारण मध्ये मी चहा घेतला होता.

टाळ्या जरा थांबवा. अध्यक्षमहाराज खाली पाहत आहेत. ते रागावले आहेत की नाही, मला इथून दिसत नाही, आणि आज पहिल्यांदाच मी ते वाकून पाहणार नाही. गाडी ते खरोखर उत्तम चालवतात, हेही या चिठ्ठीतच आहे. चार सेकंद म्हणजे काही फार नाही. ते आम्हीच फार केले.

बेगमसाहेबा, आपल्याला निरोप द्यायला क्लबाजवळ शब्द आहेत, पण आपल्याला शब्दांचा अनुभव आहे, म्हणून ते वाढवत नाही. आपण आल्यात, बसलात, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तहसीलदारसाहेबांचे, शेठचे, लांबून आलेल्या सर्वांचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल, कुठे शब्द जास्त गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

एक सांगायचं राहिलं. रहमतुल्ला तिकडे दाराशी चपलांजवळ उभे आहेत. व्यासपीठावर खुर्च्या मोजक्याच मांडल्या, ती चूक चिटणिसाची. पण माझी खुर्ची आता रिकामी आहे. रहमतुल्लासाहेब, या, बसा. मी दाराशी उभा राहतो.